चोर कोपरा

मी अमरावतीची. नोकरी मात्र अकोला जिल्ह्यात लागली आणि तिसऱ्या बदलीत अकोट-तेल्हाऱ्याच्या मधल्या एका गावी जाऊन पडले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं अजून लोक राहतात आणि त्यातल्या बहुतेकांशी माझं काही वाकडं नाही. ज्यांच्याशी आहे त्यांना नाव न लिहिताही कळेल.

ती वर्षं वाईट होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. वऱ्हाडात तेव्हा पेपरवाले येत, टीव्हीवाले येत, अभ्यासाला म्हणून दूरदूरची माणसं येत. गावात अनोळखी जीप थांबली की लोक जीपवाल्यांना काही विचारत नसत, एकमेकांना विचारत, "आता कोणाच्या घरी?" मी अकोटला खोली घेऊन राहायची. सकाळच्या एसटीनं गावी, संध्याकाळच्या एसटीनं परत. शनिवारी दुपारी अमरावतीला, नवऱ्या-मुलाकडे.

शाळा चौथीपर्यंतची. खोल्या दोन, शिक्षक तीन. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक, दुसरे एक सर, आणि मी. तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि आम्हांला खोली नव्हती, व्हरांडा होता. कापूस वेचायच्या दिवसांत अर्धी मुलं वावरात असायची. परत यायची तेव्हा बोटांच्या टोकांवर बोंडांच्या काट्यांचे ओरखडे असायचे आणि पेन्सिल धरताना ती तोंड वाकडं करायची.

मोठ्या सरांच्या कपाटात गणिताची एक पेटी होती. वरून आलेली, सरकारी. तिच्यात लाकडी त्रिकोण, चौकोन, मोठा कोनमापक, गुण्या असं सगळं होतं, असं म्हणतात. म्हणतात असं लिहिलं, कारण मी ती उघडलेली पाहिली नव्हती. मागितली तेव्हा सर म्हणाले की साठा रजिस्टरला नोंद आहे, एखादा तुकडा हरवला तर भरून कोण देणार, त्यापेक्षा राहू द्या. पेटी राहिली. मुलं मात्र भूमितीचा धडा आला की एका सुरात म्हणायची, "चौरसाच्या चारही बाजू समान असतात, चौरसाचे चारही कोन काटकोन असतात."

एक दिवस मी फळ्यावर चौरस काढला. शेजारी तेवढाच दुसरा काढला, पण एका टोकावर उभा. विचारलं, हा काय? पहिल्या रांगेतला एक जण म्हणाला, "बर्फी." सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. चौरस का नाही, म्हटलं. तर म्हणे, चौरस सरळ बसते, हे उभं हाये.

मला राग आला, आणि तो मुलांचा नव्हता. डी.एड.ला जाईपर्यंत मीही तेच म्हणत होते. मला कोणी चौरस हातात दिलाच नव्हता, फक्त ओळी पाठ करून घेतल्या होत्या, आणि आता मी पगार घेऊन त्याच ओळी पुढच्यांच्या गळ्यात घालत होते.

दुसऱ्या दिवशी अकोटच्या बाजारातून सुतळीचा गुंडा आणला. मोठी कडी बांधली, चार मुलांना चार ठिकाणी आत उभं केलं आणि म्हटलं, करा चौरस. त्यांनी खेचाखेच केली, भांडली, मागं-पुढं सरकली, आणि झाला. मग उरलेल्यांना म्हटलं, तुम्ही आता याच्याभोवती फिरा, आणि जिथं मी टाळी वाजवीन तिथं थांबून सांगा, काय दिसतं. एकाला चौरस दिसला, एकीला बर्फी. दोघांनी जागा बदलल्या. पुन्हा बदलल्या. मग तोच पहिल्या रांगेतला म्हणाला, "म्हंजे बर्फी बी चौरसच हाये. आपुनच तिरपे उभे रायलो." त्या दिवशी मी एसटीत एकटीच हसत होते.

मग आम्ही थांबलो नाही. तुरीची सोंगणी झाली तशा मुलांनी तुराट्या आणल्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या. सायकलवाल्याकडून वॉल्वच्या नळीचे तुकडे आणले. काड्या नळीत खुपसून तीन काड्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन. चौकोन दाबला की लवंडायचा, त्रिकोण दाबला की काडी मोडेल पण लवंडायचा नाही. मुलं तासभर दाबत बसली. एकानं सांगितलं, म्हणूनच त्याच्या घरच्या मचाणीला बापानं तिरपी बल्ली ठोकली आहे. हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं, त्याच्या वावरात होतं.

चौथीत एक मुलगी होती. बारीक, सावळी, ओढणी कायम कमरेला बांधलेली. बाप गवंडी. गावातली पाच-सहा घरं मुसलमानांची, त्यातलं एक. घरी ती हिंदीसारखं बोलायची, शाळेत अस्सल वऱ्हाडी, आणि बोलताना समोरच्याचं वय पाहायची नाही. मी काटकोन शिकवत होते, वहीचा कोपरा कापून सगळीकडे लावून पाहत होतो. ती म्हणाली, "मॅडम, वहीच्या कोन्यानं भिताड नाई मोजता येत. माहे अब्बा तीन-चार-पाचनं मोजते."

मी म्हटलं, मला माहीत नाही, दाखव. तिला नीट दाखवता येईना. दुसऱ्या दिवशी ती बापालाच घेऊन आली.

तो माणूस व्हरांड्याच्या खाली उभा राहिला, वर यायला तयार नव्हता. पायाला सिमेंट होतं. मी दोनदा म्हटलं तेव्हा चप्पल काढून वर आला. त्यानं सुतळीला फुटाफुटावर गाठी मारल्या, बारा, आणि कडी केली. तीन मुलांना तीन गाठींवर उभं केलं, असं की एका बाजूला तीन घरं, दुसऱ्या बाजूला चार, तिसऱ्या बाजूला पाच. म्हणाला, "आता ताना." मुलांनी ताणली. तीन आणि चारच्या मधल्या मुलाच्या पायाशी त्यानं आपला लोखंडी गुण्या ठेवला. बसला. केसभरही फरक नाही. आमचं पाया खोदणं यानंच चालते, त्यानं सांगितलं. शाळा तिसरीपर्यंत झाली होती त्याची. चौथीचा वर्ग त्याच्याकडे असा पाहत होता की मला थोडा हेवा वाटला.

त्यातून खेळ निघाला. खेळ मुलांनीच काढला, नियमही त्यांचेच. बाराच्या दोरीनं गावातला कोपरा तपासायचा. बसला तर कोपरा साव, खडूनं तिथं 'सा' लिहायचं. नाही बसला तर कोपरा चोर, तिथं 'चोर' लिहायचं. मधल्या सुटीत तीन-तीनची टोळी निघायची. ग्रामपंचायतीचा ओटा साव निघाला. देवळाची पायरी चोर. पानठेल्याची फळी चोर, आणि ठेलेवाल्यानं हसून ते खडूचं अक्षर महिनाभर तसंच ठेवलं. एका म्हातारीनं तर बोलावून घेतलं, माहा चुलीचा ओटा पाहा बाप्पा कसा हाये. ज्या गावात त्या वर्षी लोक एकमेकांच्या डोळ्यांत पाहायला घाबरत होते, तिथं चौथीची पोरं दोरी घेऊन घरोघर जात होती आणि लोक त्यांना आत घेत होते. मोठे सर मला एवढंच म्हणाले की परीक्षेत दोरी विचारत नाहीत.

आता नव्या खोलीचं सांगते.

व्हरांड्यातल्या वर्गाला खोली द्यायची, हे कितीक वर्षं कागदावर होतं. गावाचं नाव पेपरात आलं आणि एकाएकी मंजुरी आली. कंत्राटदार बाहेरचा, पण गावातल्या वजनदार माणसाचा जवळचा. शाळेच्या मागं जागा आखली. घाई होती, कारण उन्हाळ्याच्या आत एक पुढारी उद्घाटनाला येणार होता. कामावर गवंडी म्हणून त्या मुलीचाच बाप, रोजानं. ती दिवसातून चारदा तिकडे डोकावून यायची, आणि माझी खोली माझे अब्बा बांधून रायले असं कोणालाही सांगायची.

भिंती छातीपर्यंत आल्या तेव्हा एका शनिवारी कामाला सुटी होती. मुलं माझ्याकडे आली, आपली खोली तपासू का मॅडम? मी म्हटलं, चला. मी हो म्हटलं. हे मी कुठं लपवणार नाही. तिथं सळया उघड्या होत्या, विटांचे ढीग होते आणि मी पंचवीस मुलं घेऊन आत गेले.

समोरचे दोन्ही कोपरे साव निघाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या डाव्या कोपऱ्यात दोरीची पाच घरांची बाजू पुरेना, दोन-तीन बोटं कमी. त्यांना वाटलं कोणीतरी नीट ताणत नाही. पोरं बदलली, तरी तेच. मागच्या उजव्या कोपऱ्यात उलटं झालं, दोरी ढिली पडून लोंबायला लागली. एकानं विचारलं, मग मागचं भिताड तिरपं हाये का? मी म्हटलं, कसं पाहाल? त्यांनी दोन बाजूच्या भिंती दोरीनं मोजल्या. समोरासमोरच्या, सारख्या असायला हव्यात अशा. उजवीकडची लांब, डावीकडची हातभर आखूड.

ती मुलगी बाहेर जाऊन भिंतीच्या मागं पाहून आली. म्हणाली, "तथी गोठा हाये ना मॅडम. गोठ्याले वाट देली."

मागं त्या वजनदार माणसाचा गोठा होता, शाळेच्या जागेत हातभर सरकलेला. गोठा हलवण्यापेक्षा भिंत हलवली होती. चौथीच्या वर्गानं अर्ध्या तासात शोधून काढलं. मला इतका आनंद झाला, की काय सांगू. मी वह्या काढायला लावल्या, आकृती काढून घेतली, चारही बाजूंची मापं हात-वीत-बोटांत लिहून घेतली. अशा चौकोनाला काय म्हणतात ते पुढच्या वर्गात शिकाल, असंही म्हणाले. आणि निघताना मुलांनी खेळाच्या नियमाप्रमाणे मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर खडूनं ठळक लिहिलं, 'चोर'.

मी पाहिलं. पुसलं नाही. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही, मी फक्त काटकोन पाहत होते.

सोमवारी मी एसटीतून उतरले तेव्हा शाळेसमोर मोटारसायकल उभी होती आणि कंत्राटदार मोठ्या सरांसमोर ओरडत होता. मला चोर म्हणते का, माझ्या साइटवर येऊन मला चोर लिहिते का. सरांनी सगळ्या शाळेला अंगणात रांगेनं उभं केलं. कोणी लिहिलं ते विचारलं. मी सांगायला लागले की हा आमचा खेळ आहे, कोपऱ्याला चोर म्हणतात, माणसाला नाही. सर म्हणाले, तुम्ही थांबा मॅडम. आणि मी थांबले.

ती मुलगी रांगेतून पुढं आली. "म्या लिवलं," ती म्हणाली. "कोना चोर हाये म्हून लिवलं."

कंत्राटदारानं विचारलं, कोणाची ही? कोणीतरी सांगितलं, गवंड्याची. तो एकदम शांत झाला. त्या शांततेचीच मला नंतर चीड आली, कारण त्याच क्षणी त्याला सोपी वाट सापडली होती. गवंड्याला त्यानं तिथल्या तिथं कामावरून काढलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की यानंच भिंत तिरपी लावली, कामात दारू पिऊन येतो, आणि अंगावर येईल म्हणून पोरीला शिकवून पाठवलं. तो माणूस दारूला शिवतही नव्हता. गावाला ठाऊक होतं. गाव गप्प उभं होतं, आणि गावात मीही होते.

दुपारी मी त्याच्या घरी गेले. तो ओसरीवर थापी धूत बसला होता. म्हणाला, पाया आखला त्याच दिवशी मी म्हटलं होतं, भिंत गुण्यात बसत नाही, गोठा मधात येते. तर मला म्हणाले, तू रोजानं हाये, रोजानंच राय. मी म्हटलं, मग हे तुम्ही सांगा ना सगळ्यांना. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा थापी धुवायला लागला. सांगितलं तर कोण ऐकणार, हे त्याला माहीत होतं. मला पगार असूनही माहीत नव्हतं.

आठवडाभरानं वरून साहेब चौकशीला आले. चौकशी माझी होती. शाळेच्या वेळात, धोक्याच्या बांधकामावर लहान मुलं का नेली? हा प्रश्न बरोबर होता. चूक मी कबूल केली आणि लिहूनही दिली. मग म्हटलं, साहेब, आता भिंत मोजा. ते म्हणाले, तो विषय वेगळा आहे. म्हटलं, जीपमध्ये टेप असेल, पाच मिनिटं लागतील. ते म्हणाले, नकाशावर माप बरोबर आहे. मी म्हटलं, नकाशा नाही, भिंत मोजा. मोठ्या सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साहेबांच्या चहात थुंकले.

साहेबांनी चहा घेतला, सही केली, जीपमध्ये बसले. मुलांच्या वह्या टेबलावरच होत्या. त्यांनी एकही उघडून पाहिली नाही. जाताना मला समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मॅडम, खोली तर मिळाली ना मुलांना? हातभर इकडंतिकडं झालं तर काय बिघडलं?"

हेच मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. नवऱ्यानंसुद्धा. आणि खरंच, खोली पडली नाही, गळली नाही, अजून उभी आहे. हातभर कमी खोलीत मुलं शिकतात, शिकतील. माझी आग त्या हातभरासाठी नव्हती. एक मुलगी खरं बोलली आणि त्याचं सगळ्यांनी मिळून खोटं केलं, आणि ते तिच्याच बापाच्या डोक्यावर टाकलं. ज्या वर्गात मी तिला सांगितलं होतं की दोरी खोटं बोलत नाही, त्याच वर्गातली ती मुलगी.

खेळ बंद झाला. दोरी मोठ्या सरांनी जप्त केली आणि गणिताच्या पेटीवर ठेवून कपाटाला कुलूप घातलं.

उद्घाटनाला भिंतींना पिवळा रंग लागला होता. प्लास्टरखाली अक्षरं गेली. आणि टेबलावर, हारांच्या शेजारी, ती पेटी! त्या दिवशी मी पहिल्यांदा ती उघडी पाहिली. गुण्यावर अजून प्लास्टिक होतं. पुढाऱ्यानं एका मुलाला विचारलं, बाळ, चौरस म्हणजे काय? त्यानं दोन्ही ओळी न चुकता म्हटल्या, सरांनी आठवडाभर घोटून घेतल्या होत्या. पुढारी खूश झाला. हाच तो बर्फीवाला मुलगा. त्यानं म्हणताना माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे पाहिलं.

त्या गर्दीत टीव्हीसाठी आलेली एक बाई होती. तिनं मुलांना नव्या भिंतीसमोर बसवलं आणि गोड आवाजात सांगितलं, ज्यांचे बाबा गेले त्यांनी हात वर करा. माझ्या वर्गातली दोन होती. एकानं हात वर केला. दुसरीनं त्याच्याकडे पाहून केला. मग मागून तिसऱ्यानंही केला. मोठ्या सरांनी धावत जाऊन त्याचा हात खाली ओढला, "तुया बाप जिता हाये ना रे." काही लोक हसले. त्या तिसऱ्याला फक्त टीव्हीत दिसायचं होतं. कॅमेरा चालूच होता. मी चार पावलांवर उभी होते. पुढं होऊन त्या बाईच्या हातातला माइक हिसकून घ्यायला हवा होता. मी पदर सारखा केला. आजही हे आठवलं की मला त्या बाईपेक्षा माझाच जास्त संताप येतो.

ती गवंड्याची मुलगी त्या दिवशी आली नव्हती. ते कुटुंब आधीच गाव सोडून अंजनगाव सुर्जीला, तिच्या आजोळी गेलं होतं. मलाही जूनमध्ये बदलीची ऑर्डर आली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय.

एका रविवारी मी अमरावतीहून अंजनगावची एसटी धरली. पत्ता नव्हता. बसस्टँडजवळ विचारत विचारत, बांधकामावरच्या बायकांना विचारत, घर सापडलं. बाप घरी होता. तिच्या आईनं चहा केला, बिस्किटं आणायला शेजारचं पोर पिटाळलं. मी माफी मागायला आले म्हटलं. तो म्हणाला, "तुमी काहून माफी मांगता? कोना तिरपाच होता." काम मिळतं आहे, इथं कोणी ओळखत नाही ते बरं आहे, असंही सांगितलं. तो खरंच माझ्यावर रागावलेला नव्हता.

ती होती. दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पाचवीत गेली का, विचारलं. मान हलवली. मी निघाले तेव्हा कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली आणि तिथं थांबून म्हणाली, "मॅडम, ते साहेब आले तवा तुमीच काहून नाई मोजलं? दोरी तं होती."

मी काहीतरी म्हणाले. सरांनी ठेवून घेतली होती, साहेब ऐकत नव्हते. पण दोरी कपाटात गेली ती साहेब येऊन गेल्यावर. त्या दिवशी ती माझ्या पिशवीत होती. पंचवीस मुलं होती, भिंत वीस पावलांवर होती. मी साहेबांना मोजा मोजा म्हणत राहिले आणि स्वतः उठले नाही. ती माझ्याकडे पाहत होती. बापासारखीच, पण बापानं नजर काढून घेतली होती, तिनं काढली नाही. मग वळून घरी गेली.

त्या आठवड्यात मी जिल्हा परिषदेला अर्ज लिहिला. मुलांच्या आकृतीची नक्कल जोडली, चारही बाजूंची मापं लिहिली, गवंड्यानं पाया आखतानाच सांगितलं होतं तेही लिहिलं, आणि खाली माझं पूर्ण नाव. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, बांधकाम नियमानुसार असल्याचं. मी दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर नाही, मलाच नोटीस आली, वरिष्ठांशी परस्पर पत्रव्यवहार का केला म्हणून. तिसरा केला. मग घरात आजारपण आलं, मुलाचं दहावीचं वर्ष आलं, आणि चौथा राहिला. कोणी मला अडवलं नव्हतं. मीच दमले. नव्या शाळेत दोरी मात्र मी पहिल्या दिवसापासून काढली, आणि गाठी मारायला आधी तिथल्या गवंड्याला बोलावलं.

सात-आठ वर्षांनी अकोल्याला आमचं प्रशिक्षण होतं. विषय, खेळातून भूमिती. दोनशे शिक्षक, मोठा हॉल, प्रत्येकाला छापील पुस्तिका. पुस्तिकेत सुतळीचा चौरस होता, वॉल्वच्या नळीचे त्रिकोण होते, बारा गाठींची दोरीही होती, चार रंगांत. आणि व्यासपीठावर तेच साहेब, आता बरेच वर गेलेले. ते सांगत होते की मुलांना वर्गाबाहेर काढा, त्यांना परिसरातले कोन शोधू द्या, मुलं स्वतः मोजतील तेव्हाच शिकतील. लोक टाळ्या वाजवत होते.

शेवटी त्यांनी विचारलं, काही शंका? मी उभी राहिले. मी गावाचं नाव घेतलं, म्हटलं, तिथल्या शाळेची मागची खोली चौथीच्या मुलांनी मोजली होती, मागची भिंत तिरपी निघाली होती, आणि तुम्ही टेप असून मोजली नव्हती. "ती आता तरी मोजाल का?"

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. साहेब माझ्याकडे पाहत होते. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला आणि खरोखर त्यांना आठवेना.

"कोणती खोली, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, गोठ्यासकट, गवंड्यासकट. मुलीचंही सांगितलं. कोणीतरी मागून म्हणालं, बसा आता. मी बसले नाही, संपेपर्यंत बोलले. त्यांनी डायरीत काही टिपलं आणि चहाची सुटी जाहीर केली.

चहाला माझ्याजवळ कोणी आलं नाही. एक तरुण शिक्षिका तेवढी आली, पहिलीच नेमणूक असावी. पुस्तिका उघडून तिनं विचारलं, मॅडम, या बारा गाठी मारताना अंतर सारखं कसं ठेवायचं? मी तिच्यावर खेकसले, तुझ्या गावात गवंडी नाही का, त्याला विचार. ती बावरून गेली. मग मलाच वाईट वाटलं. तिला हाक मारून परत बोलावलं, पिशवीतली सुतळी काढली आणि हॉलच्या पायरीवर बसून तिला गाठी मारून दाखवायला लागले.